आपोआप लागणारा अ‍ॅम्प्लिफायर

कट्ट असा आवाज झाला, अ‍ॅम्प्लिफायरचा लाल दिवा पेटला आणि कडूबा खाटेवरूनच मोठ्यानं म्हणाले, "लावला!"

त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. पलीकडे हॉलमध्ये पिक्चर दणक्यात सुरू झाला आणि त्यात त्यांचा आवाज कुठल्या कुठे गेला. खोलीत एकटेच असूनही कडूबा ओशाळले.

इतके दिवस त्या घरचा रिवाज वेगळा होता. त्यांचा मुलगा गजानन जाफराबादेतल्या ऑफिसातून घरी आला, चहा झाला, की हॉलमधला होम थिएटरचा रिसीव्हर चालू करायचा. पण मोठ्या स्पीकरांना जोर पुरवणारा अ‍ॅम्प्लिफायर होता कडूबांच्या खोलीत. कडूबा लग्नांत लाऊडस्पीकर लावायचे, तेव्हाचं ते धूड. सारखं घूं घूं करतं म्हणून सून शैलानं त्याची रवानगी सासऱ्याकडे केली होती. आधी रिसीव्हर, मग अ‍ॅम्प्लिफायर. उलटं झालं की स्पीकर असा दणका द्यायचे की शैलाच्या हातातलं भांडं पडायचं. म्हणून गजानन हॉलमधून हाक मारायचा, "लावा बाबा!"

"लावला! आला का आवाज?"

"आला. गोळी घेतली का?"

मग गोळीवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून भोकरदनच्या पावण्यांवर. बापलेकाचं दिवसभराचं बोलणं ते एवढंच. पण कडूबा त्यासाठी दुपारपासून सावरून बसलेले असायचे.

आज सकाळी गजाननानं रिसीव्हरच्या मागून एक बारीक वायर भिंतीतून आत आणली आणि अ‍ॅम्प्लिफायरला वीज देणाऱ्या नव्या स्विचच्या डबीत खोचली. आता रिसीव्हर चालू झाला की अ‍ॅम्प्लिफायरही आपोआप चालू.

"तुमाला उठाया नको, बाबा," तो म्हणाला. "गुडघे दुखून राह्यले ना तुमचे."

पोरानं मायेनं केलेलं. त्याला नको कसं म्हणायचं?

पुढचे काही दिवस दिवा आपसूक लागत राहिला, आपसूक विझत राहिला. हाक काही आली नाही. कडूबांना एवढं एकटं बायको गेली तेव्हापासून वाटलं नव्हतं. एका संध्याकाळी हॉलमध्ये चहाचे कप वाजले, तसे ते उठले आणि त्यांनी डबीतली वायर हळूच उपसली.

हॉलमध्ये चित्र आलं, आवाज नाही. गजानन टेस्टर घेऊन आत आला. वायर खाली लोंबत होती.

"निघाली असंल," कडूबा भिंतीकडं बघत म्हणाले.

गजाननानं वायर हातात घेतली. त्यानं ती चांगली घट्ट बसवली होती, अशी निघणारी नव्हती. त्यानं बापाकडं पाहिलं. चोरून गूळ खाताना सापडलेल्या पोरासारखं कडूबांचं तोंड झालं होतं.

"मुद्दाम काढली का, बाबा?"

कडूबा पुटपुटले, "तू हाक मारायचा ना रोज. बरं वाटायचं."

"अहो," हॉलमधून शैला ओरडली, "काय बिघडलंय?"

गजाननानं टेस्टर खिशात टाकला आणि तो खाटेवर बापाजवळ मांडी घालून बसला.

"वेळ लागंल," तो तिथूनच शैलाला ओरडून म्हणाला. "तू बघ तंवर पिक्चर तसाच, बिनआवाजाचा."