बरोबरीत सुटलेला गेम

धैर्यशील जिंकला. पण हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण सगळी गल्ली तसंच समजते.

वाद एवढाच होता, की गल्लीतल्या व्हिडिओ गेम पार्लरमधला तलवारीचा गेम अवघड की बुक्क्या-लाथांचा. धैर्यशील तीन वर्षं तलवारच खेळत आलेला. बुक्क्यावाला इम्तियाज म्हणायचा, "भावा, तुझा गेम आमची अम्मी चपात्या लाटता लाटता खेळंल." शेवटी पैज लागली. सामना बुक्क्यांचा. परक्या गेममध्ये धैर्यशील जिंकला, तर बुक्क्या सोप्या ठरणार. हरला, तर पार्लरमधून तलवारीचा गेम कायमचा जाणार. पंच म्हणून शेजारच्या तालमीतले वस्ताद आले. माणूस पूर्ण निःपक्षपाती. त्यांनी दोन्ही गेम कधी पाहिलेच नव्हते.

शेवटची फेरी. इम्तियाजच्या गड्यात चिमूटभर जीव उरला होता. धैर्यशीलच्या गड्यानं झेप घेतली, लाथ सुटली आणि स्क्रीन काळी झाली.

मशीनची उपटलेली वायर वस्तादांच्या हातात होती. "पंधरा मिनिटं झाली. जोड तोलामोलाची हाय. कुस्ती बरोबरीत सोडवली!"

धैर्यशीलचं आ वासलेलं तोंड मिटेना. इम्तियाज मात्र वस्तादांच्या पाया पडला. "न्याय म्हंजे न्याय, वस्ताद!"

दुसऱ्या दिवशी धैर्यशीलनं पार्लरच्या मालकाकडे लेखी अर्ज दिला: "महोदय, सदर लाथ काल सायंकाळी सहा वाजून बारा मिनिटांपासून हवेत आहे. तरी वायर पूर्ववत जोडून ती त्याच जागेवरून खाली उतरवून मिळावी, ही नम्र विनंती."