ग्लासातलं जहाज

गुड फ्रायडेला पाण्याच्या ग्लासात अंड्याचं पांढरं सोडायचं आणि त्यात उमटेल ते नशीब मानायचं, ही सेंट व्हिन्सेंट बेटावरच्या म्हाताऱ्या एल्फर्डची जन्माची सवय. जहाज दिसलं तर प्रवास, शवपेटी दिसली तर मरण. यंदा नेमका त्याच पहाटे ज्वालामुखीचा डोंगर फुटला. छपरावर राख आणि खडे पडत होते, किनाऱ्यावर शेवटची होडी भरत होती, आणि एल्फर्ड खुर्चीतून हलेना.

"पप्पा, उठा ना."

"आधी ग्लास बघ, थिओडोरा. पेटी असेल तर मी इथंच बरा."

थिओडोराने ग्लास खिडकीशी धरला. 

"जहाज आहे, पप्पा. चांगलं शिडाचं."

म्हातारा उठला, टोपी घातली.

होडी सुटली. राखेत गाव दिसेनासं झालं, तशी ती रडायला लागली. "मी खोटं बोलले, पप्पा. पेटी होती."

"माहितीय. तू उठायच्या आधीच बघितली होती मी."

"मग आलात कशाला?"

"मी नसतो आलो तर तूही तिथंच बसली असतीस. आणि ग्लासात पेटी एकच होती."