न कळवता

चाचणीची पट्टी तिसऱ्यांदाही कोरीच निघाली. पेशींच्या आतला रासायनिक निरोप तिच्यावर उमटेचना. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ ताई मला म्हणाल्या, “तुम्ही पेशी निवांत धुता, मग त्या फोडायला लायसिस बफर शोधत बसता. तेवढ्यात त्या निरोप पुसून टाकतात. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण घर आवरतो, तसंच. तुम्हाला पसारा बघायचाय ना? मग न कळवता जा.” त्यांनी प्लेट बर्फात रुतवली, पेशी झटपट धुतल्या आणि बर्फगार बफर एका दमात ओतला. दुसऱ्या दिवशी पट्टीवर ठसठशीत काळी रेघ उमटली. फोनवर रोज “मी मजेत” म्हणणाऱ्या आईकडे शनिवारी मी तसाच जाऊन थडकलो. दार उघडायला तिला बराच वेळ लागला. हातातली काठी पाठीमागे लपवत ती म्हणाली, “कळवायचं तरी, घर आवरलं असतं.” मी बूट काढत म्हणालो, “म्हणून तर नाही कळवलं.”