रिकामी बादली

"अजून थोडी घे," म्हणत सरोजिनीबाईंनी श्रेयाच्या ताटात खिचडीचा डाव रिकामा केला.

"पोट भरलं, बाई. डब्यात नेऊ? आईला आवडते."

"नाही नेता येत." सकाळपासून हेच बोलून बोलून बाईंची जीभ कडू झाली होती.

गणपती तोंडावर आले होते. लालबागच्या त्या शाळेतली बरीच पोरं कोकणात गावी गेलेली, खिचडी मात्र पटावरच्या सगळ्यांची आली होती. बाईंनी खिचडी पुरवणाऱ्यांना आधीच फोन करून पाहिला होता. "आम्ही पट बघून पाठवतो, मॅडम. बदल पुढच्या महिन्यात," असं उत्तर मिळालं.

त्यात यंदाचा नवा नियम. अन्न वाया घालवायचं नाही. उरलंसुरलं सगळं बादलीत टाकायचं, बादली काट्यावर ठेवायची आणि जेवढं वजन भरेल तेवढी शाळेची पुढची खिचडी कापायची. फाटकाबाहेर कणही न्यायचा नाही. हा नियम करणाऱ्याने जन्मात कधी एखाद्या पोराला जेवू घातलंय का, असं बाईंना विचारायचं होतं. पण विचारणार कुणाला? बादली भरली तर गावाहून परतलेली पोरं अर्धपोटी राहणार. सकाळी त्यांनी वर्गाला तसं सांगूनही ठेवलं होतं.

तपासणीचे साहेब काट्याशेजारी खुर्ची टाकून बसले होते.

"साहेब, ताजी आहे हो. समोरच्या चाळीत नेली तर आत्ता संपेल."

"नियमात बसत नाही, बाई. मी तरी काय करू?" साहेबांनी कपातला उरलेला चहा खिडकीबाहेर फेकला.

बाई पुन्हा डाव घेऊन फिरल्या. पोरं त्यांचा शब्द मोडत नसत, हीच तर पंचाईत होती. "श्रेया, एवढी संपव. शहाणी ना तू?"

श्रेयाने संपवली. पातेलंही एकदाचं रिकामं झालं. तेवढ्यात ती तोंडावर हात दाबून उठली आणि बादलीला वळसा घालून मोरीकडे धावली. बाई मागोमाग गेल्या, तिची पाठ चोळत राहिल्या. त्यांना स्वतःचीच चीड आली.

मागे साहेबांनी काट्यावरच्या बादलीचा फोटो काढला. "शून्य. छान काम आहे, बाई."

श्रेयाने चूळ भरली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, तरी ती हसली.

"बाई, बादलीत नाही पडू दिलं मी."