कमी रेंजचे राउटर

"ताई, हा घ्या, तीन मजले रेंज देतो," दुकानदाराने तेच पालुपद लावलं आणि तिचं डोकं तापलं. वायरलेसच्या परीक्षेच्या सरावासाठी तिला कमी रेंजचे दोन राउटर हवे होते. चालता चालता फोन एकाला सोडून दुसऱ्याला कसा धरतो, हे घरीच करून बघायचं होतं. शेवटी तिने दुकानाच्या अडगळीतले दोन जुने उचलले. पण दोन खोल्यांच्या घरात फोन पहिल्यालाच गोचिडासारखा चिकटला. वैतागून तिने दुसरा खाली तळमजल्यावर लावला.

"आता मी लॅपटॉप बघू की फोन घेऊन जिने उतरू?" ती करवादली.

"आण इकडे," खुर्चीतून बाबा म्हणाले. स्क्रीनवरची नजर न काढता तिने फोन दिला.

बऱ्याच वेळाने लॅपटॉपवर दिसलं, फोनने पहिला राउटर सोडून दुसरा धरला होता. ती खिडकीशी धावली. बाबा खाली फाटकापाशी उभे होते.

"जमलं का गं?"

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांनी उंबरठाही ओलांडला नव्हता. चाला म्हणून सांगून डॉक्टर थकले होते, तीही थकली होती.

"नाही अजून," ती म्हणाली. "थोडं पुढे जा."