रघुनाथकाकांचं मशीन

"बेन, भेस्तानची लाइन फार स्लो चालते," मालक ललितभाई म्हणाले. "ही चार जुनी मशीनं रेप्लिकेशनमधून काढून टाक."

तीन मशीनं बंद पडलेल्या विभागांची होती. चौथं रघुनाथकाकांचं.

इच्छापोरच्या या साड्या छापणाऱ्या कंपनीत प्राजक्ता कॉम्प्युटर सांभाळायची. इथल्या प्रत्येक मशीनमधल्या फाइलींची हुबेहूब प्रत भेस्तानच्या गोदामातल्या सर्व्हरवर असायची. इथं काही बदललं की तिथंही लगेच बदलायचं; यालाच रेप्लिकेशन म्हणत. मशीन रेप्लिकेशनमधून काढलं की तिथली प्रत होती तशीच राहायची. पुढचं काम तिच्यात जायचं नाही.

"काकांचं राहू द्या," ती म्हणाली. "ते अजून रोज काम करतात."

"दिवाळीनंतर घरीच बसणार ना ते? काढ."

तिनं काढलं.

रघुनाथकाका तरुणपणी नंदुरबारहून सुरतेला आले आणि साड्यांचे काठ, बुट्टे काढण्यात म्हातारे झाले. कागदावरची जुनी कामं तापीच्या पुरात गेली. नंतरचं सगळं त्या मशीनमध्ये होतं. आता काचबिंदूनं नजर जात चालली होती.

दुपारी डबा खाताना त्यांनी सहज विचारलं, "ताई, माझं काम दोन ठिकाणी राहतं ना? आता गेलं तर परत काढणं माझ्यानं व्हायचं नाही."

"राहतं, काका."

काकांनी आपल्या डब्यातला ठेचा तिच्या पोळीवर वाढला. पुढे कित्येक दिवस ती त्यांच्या टेबलाजवळून जाताना मान खाली घालून जायची. शेवटी तिला राहवेना. ललितभाईंना न विचारता तिनं काकांचं मशीन गुपचूप परत जोडलं. लाइन थोडी रेंगाळली, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या दिवशी तिनं काकांशी पोटभर गप्पा मारल्या.

दिवाळी तोंडावर आली आणि एका सकाळी सगळ्या पडद्यांवर खंडणीचा मजकूर झळकला. कुणीतरी भलताच मेल उघडला होता. एकही फाइल उघडत नव्हती. काका तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"घाबरू नका," ती म्हणाली. "भेस्तानला आहे सगळं."

ललितभाईंचं ऐकलं नाही ते किती बरं झालं, असं तिच्या मनात आलं.

ललितभाईंच्या गाडीतून तिघं भेस्तानला पोचले. तिनं डिस्पॅचची प्रत उघडली. कुलूप. अकाउंट्सची उघडली. तिथंही तेच.

"तिथं जे झालं तेही इथं उतरलं," ती हळूच म्हणाली. "प्रती आपोआप बदलल्या."

"एटले बधुं गयुं? सगळंच गेलं?" ललितभाईंनी विचारलं.

"रेप्लिकेशनमधून काढलेली तेवढी वाचली असतील. त्यांच्यात नवं काही आलंच नाही."

ललितभाईंनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, कंपनीचं गेलं, पण तुमची डिझाइनं राहिली. मी तुमचं मशीन काढायला लावलं तेव्हा ही बेन माझ्यावर नाराज झाली होती."

काकांना नीट कळलं नाही, पण चेहरा उजळला. त्यांनी डोळे पार पडद्याशी नेले. "उघड ना, ताई. बघू दे."

"ते मी परत जोडलं होतं, काका," प्राजक्ता म्हणाली.