कबुतराचा गोल

"कुणाला पटायचं नाही, पण तो गोल कबुतरानं केला होता," आर्गिरिस म्हणाला आणि त्यानं कडू कॉफीवर ब्रँडीचा घोट घेतला.

लांब्रोसला पुरून मंडळी नुकतीच कॉफीला बसली होती. एकेचाळीस वर्षांपूर्वी तो आणि आर्गिरिस गावाच्या फुटबॉल संघातून एकत्र खेळायचे. त्या वर्षीच्या एका सामन्यात चिखलातल्या गर्दीत आपल्याच एका खेळाडूच्या पायाला लागून चेंडू आपल्याच गोलात गेला आणि गावाचा संघ खालच्या श्रेणीत घसरला. सगळ्यांनी बोट दाखवलं ते लांब्रोसकडे. अथेन्सच्या मोठ्या संघाकडून आलेलं त्याचं बोलावणं रद्द झालं, आणि तो जन्मभर बंदरावर मासेमारीची जाळी शिवत बसला.

"घारीएवढं कबूतर होतं. चेंडूला धडकलं आणि चेंडू वळला. लांब्रोसचा पाय तिथं नव्हताच."

"एवढी वर्षं कुठं घुमत होतं रे तुझं कबूतर?" कॉफीवाला हसला.

"हसा तुम्ही. पण आज तरी त्याच्या नावावरचा डाग पुसा," आर्गिरिस म्हणाला.

लांब्रोसच्या बायकोनं, फोतिनीनं, टोस्टची बशी त्याच्यापुढे सरकवली.

"कबूतर नव्हतं, भाऊजी. पाय तुमचा होता. लग्नाआधीच सांगितलं होतं त्यांनी मला. म्हणाले, आर्गिरिसला मात्र कळू देऊ नकोस."